मागे काकू बसल्या की क्रूझ सुटतं: एका टूरिंग गाडीचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेचारच्या सुमारास ही गाडी माझ्या दारात आली. ऊन असं की पेट्रोलच्या टाकीवर हात टेकवायची सोय नव्हती. मोठी जपानी टूरिंग मोटरसायकल, दोन बाजूंना पेट्या, मागे टॉप बॉक्स, पुढे उंच काच. मालक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी काकाजी म्हणतो आणि त्यांच्या सौभाग्यवतींना काकू. दोघं मिळून वर्षातून तीन-चारदा लांब निघतात. कधी पचमढी, कधी अमरकंटक, एकदा तर थेट हैदराबाद.

काकाजींची तक्रार एका वाक्याची होती. "भाऊ, क्रूझ लागते तर बरोबर, पण टिकून नाही राहत." क्रूझ म्हणजे रेसची मूठ धरून न ठेवता गाडीने ठरवलेला वेग स्वतःच टिकवणं.

काकाजींचं उजवं मनगट सहा वर्षांपूर्वी मोडलं होतं, आत पट्टी आणि स्क्रू आहेत. तासभर रेसची मूठ धरून ठेवली की बोटं बधिर होतात. ही गाडी त्यांनी क्रूझसाठीच घेतली होती. ते चाललं नाही तर दोघांचं फिरणं बंद होणार, हे ते बोलले नाहीत, पण मला कळत होतं. म्हणून या कामात माझा जीव अडकला. आणि हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की पहिल्या फेरीत मी स्वतः चुकलो.

गाडी माझ्याकडे येण्याआधी

गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही, तेव्हा "सॉफ्टवेअरचं असेल" म्हणून परत पाठवली. दुसऱ्या ठिकाणी हँडलवरचा उजवा स्विचचा संच नवा टाकला. पाच आकडी बिल झालं आणि दुसऱ्याच रविवारी क्रूझ पुन्हा सुटलं. जुना संच काकाजींनी पिशवीत घालून जपून ठेवला होता, तो त्यांनी मला दाखवला. मी त्याची सगळी बटणं मल्टिमीटरवर तपासली. एकही खराब नव्हतं.

इथे थोडा विचार केला असता तर तो खर्च वाचला असता. बटण खराब असेल तर क्रूझ लागायलाच त्रास देईल, कधी लागेल, कधी लागणार नाही. इथे ते बहुतेक वेळा पहिल्याच दाबाला लागत होतं आणि मग सुटत होतं. लागणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी असतात.

क्रूझ सोडतं ते का

क्रूझ म्हणजे गाडीत बसवलेलं एक वेगळं यंत्र, असा बऱ्याच जणांचा समज असतो. रेस वायरवर चालणाऱ्या गाड्यांत तसं वेगळं काही नसतं. मूठ फिरवली की केबल ओढली जात नाही. मुठीचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि ईसीयू एका छोट्या मोटरने थ्रॉटलची झडप उघडतो. क्रूझ लावलं की तोच ईसीयू मुठीऐवजी वेगाकडे बघून झडप सांभाळतो. चढ आला, वेग पडला, थोडी उघड. उतार आला, मीट.

हा झाला सोपा भाग. खरी कसोटी सोडण्यात आहे. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, बंद मूठ आणखी पुढे ढकलणं, गिअर न्यूट्रलमध्ये जाणं, चाक घसरणं. यातला कुठलाही एक इशारा आला की कसलीही शहानिशा न करता त्याच क्षणी सोडायचं, असं त्याला शिकवलेलं असतं. जुन्या केबलच्या गाड्यांत रेस ओढायला व्हॅक्यूमची डबी किंवा वेगळी मोटर असायची. तिथे नळी चिरली का, केबलला ढील आली का हेही बघावं लागतं. पण सोडायचा नियम तिथेही हाच.

म्हणून माझं ठाम मत झालंय: लागून सुटणारं क्रूझ बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. कोणीतरी त्याला "ब्रेक लागला" किंवा "क्लच दाबला" असं खोटं सांगत असतं, आणि ते बिचारं प्रामाणिकपणे ऐकत असतं. आपण शोधायचा तो खोटं बोलणारा.

मी काकाजींना पहिला प्रश्न विचारला, "सुटते तेव्हा मीटरवर काय दिसते?"

"हिरवं 'सेट' जाते. वरचा क्रूझचा दिवा तसाच राहते."

या उत्तराने अर्धं काम झालं. या गाडीत दोन खुणा आहेत. एक क्रूझ चालू असल्याची, दुसरी वेग पकडल्याची. आपण ब्रेक दाबतो तेव्हा फक्त दुसरी जाते, पहिली राहते. यंत्रणेला स्वतःत दोष सापडला असता तर दोन्ही गेल्या असत्या, किंवा इंजिनचा दिवा लागला असता. म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं, चालवणाऱ्याने ब्रेक दाबला होता. कोड न निघण्याचं कारणही हेच. ब्रेक दाबणं हा काही दोष नव्हे, त्याची नोंद तो कशाला ठेवेल?

"रिझ्यूम दाबलं तर परत लागते?" रिझ्यूम म्हणजे आधीचा वेग पुन्हा पकडायचं बटण.

"लागते. कधी लगेच, कधी दोन-चार मिनिटं लागतच नाही."

म्हणजे खोटा निरोप येऊन-जाऊन होता. हे मी वहीत लिहिलं. त्याखाली काकाजींनी सांगितलेलं आणखी एक वाक्यही लिहिलं: "दोघं असलो की जास्त." ते लिहिलं, आणि विसरलो.

पहिली फेरी, आणि माझी चूक

पुढच्या ब्रेकच्या लिव्हरखालचा छोटा स्विच काढून पाहिला. धूळ होती, पण दाबला की टक् असा स्वच्छ आवाज आणि मल्टिमीटरवर रीडिंग स्थिर. क्लचचा तसाच. वेगाच्या सेन्सरचं तोंड पुसलं, रिंगचे दात पाहिले, कुठे काही अडकलेलं नव्हतं. यात अर्धा तास गेला.

मागच्या ब्रेकपाशी मात्र सापडलं. पायाच्या पेडलला स्प्रिंगने जोडलेला स्विच फार वर चढवून ठेवलेला होता. पेडलवर नुसतं बोट ठेवलं तरी ब्रेकलाइट लागत होता. काकाजी घोट्याच्या वर जाणारे जाड बूट घालतात. पाय पेडलजवळ ठेवला की बुटाच्या भारानेच स्विच चालू होत असणार. मी नट फिरवून स्विच खाली घेतला आणि ब्रेक पकडायला सुरुवात होते तिथेच लाइट लागेल असा बसवला.

मग चाचणी. समृद्धी महामार्ग आपल्या नागपुरातूनच सुरू होतो, पण तिथे दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे आपल्याकडच्या टूरिंगवाल्यांचा क्रूझचा रस्ता म्हणजे एनएच ४४. दक्षिणेला बुटीबोरी, जाम, हिंगणघाट. उत्तरेला मनसर, देवलापार, खवासा, सिवनी. मी एकटा वर्धा रोडने बुटीबोरीच्या पुढे गेलो, ८० वर क्रूझ लावलं. चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा तेवढीच आहे आणि काकाजीही तेवढ्यावरच लावतात. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर झाले, एकदाही सुटलं नाही. संध्याकाळी गाडी दिली. मनात समाधान होतं.

बाराव्या दिवशी काकाजींचा फोन आला. देवलापारच्या अलीकडे तीनदा सुटलं होतं.

मी वही उघडली. "दोघं असलो की जास्त." माझ्याच अक्षरात. तक्रार दोघांची आणि तपासणी मी एकट्याने केलेली. मागचा स्विच खरोखर चुकीचा होता, ती दुरुस्ती वाया गेली नाही. पण एका गाडीत एकाच लक्षणाचे दोन दोष असू शकतात, आणि पहिला सापडल्याच्या आनंदात मी दुसऱ्याचं दार बंद केलं होतं. ज्या परिस्थितीत तक्रार येते, तीच परिस्थिती उभी केल्याशिवाय चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगतो, आणि तेव्हा मीच केलं नाही.

काकू बोलल्या

दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी मुद्दाम दोघांनाही बोलावलं. काकू आधीच्या खेपेला आल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. चहा घेता घेता त्या म्हणाल्या,

"मी मागे बसली का सुटते. हे एकटे कॉलनीतून फिरवून आणतात तेव्हा चांगली राहते. आणि मी पाठ टेकवली का जास्त होते, हे मी दोनदा पाहून घेतलं."

मग जरा थांबून, "खवाश्याच्या ढाब्यावर एक ट्रकवाला यांना म्हणला, 'अंकल, ब्रेक पे पैर रख के चलाते हो क्या?' यांना राग आला. मी म्हटलं, तो काऊन म्हणला असेल? उगाच तर नाही म्हणणार."

कप खाली ठेवून मी सरळ गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

क्रूझ कंट्रोलची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते राल्फ टीटर हे अमेरिकन इंजिनिअर पूर्ण अंध होते. वयाच्या पाचव्या वर्षी दृष्टी गेलेली. सांगतात असं की ते एका वकील मित्राच्या गाडीत शेजारी बसले असताना तो बोलता बोलता वेग कमी-जास्त करत होता, आणि ते हिसके शेजारी बसलेल्या टीटर यांना जाणवत होते. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारीत हे यंत्र आलं. काकूंचं बोलणं ऐकताना मला तेच आठवलं. हँडल हातात असलेल्या माणसाचं लक्ष रस्त्यावर असतं. मागे बसलेल्याच्या अंगाला गाडी जास्त कळते.

वायरवर १३.६ व्होल्ट

या गाडीत ब्रेकलाइटला जाणारी वायर आणि ईसीयूला ब्रेकचा इशारा देणारी वायर एकच. कुठलाही स्विच दाबला की त्या वायरवर व्होल्टेज येतं, मागे लाइट लागतो आणि तेच व्होल्टेज ईसीयू वाचतो. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत ब्रेकच्या स्विचमध्ये दोन वेगळ्या जोड्या असतात, एक लाइटची, एक क्रूझची. काही नव्या गाड्यांत स्विच आधी कंट्रोलरकडे जातो आणि लाइट तो लावतो. सर्किटचा नकाशा बघितल्याशिवाय हात घालू नये तो यासाठी.

डॅशबोर्डला बसवतात तसा १२ व्होल्टचा लहान लाल एलईडी इंडिकेटर घेतला. एक टोक टेल लॅम्पच्या कपलरमधल्या (वायरींच्या जोडातल्या) ब्रेकच्या वायरला, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. एलईडी टाकीवर टेपने चिकटवला आणि उन्हात दिसावा म्हणून काळ्या टेपची टोपी केली. शे-सव्वाशे रुपयांचं काम. स्कॅनरवर ब्रेकचा स्विच चालू-बंद दिसतो, पण तो थांबून थांबून वाचतो. क्षणभराची चमक त्याच्या दोन वाचनांच्या मधून निसटते. एलईडी निसटू देत नाही.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू. काकाजी पुढे हँडल धरून बसले, काकू मागे. शिकाऊ मुलगा गाडीच्या मागे उभा.

एलईडी बंद. वायरवर ०.० व्होल्ट.

"काकू, रस्त्यावर टेकता तशा टेका."

त्या टॉप बॉक्सच्या गादीला रेलल्या. एलईडी एकदा लुकलुकला, मग लागला तो लागलाच. मीटरवर १३.६. काकाजींचे दोन्ही हात मुठींवर, एकही बोट लिव्हरवर नाही, दोन्ही पाय जमिनीवर.

मागून मुलगा म्हणाला, "भाऊ, ब्रेकलाइट लागला ना."

काकाजींचा चेहरा उतरला, कारण त्यांना त्या क्षणी ट्रकवाल्याच्या बोलण्याचा अर्थ कळला. काकू मागे असताना कितीतरी किलोमीटर ही गाडी ब्रेकलाइट लावून चालत होती. म्हणजे काकाजी खरोखर ब्रेक दाबत तेव्हा मागच्याला काहीच फरक दिसत नव्हता. क्रूझ सुटणं ही गैरसोय होती. हा जिवाशी खेळ होता, आणि तो चालल्याची खूण क्रूझने दिली होती.

आता माग काढणं सोपं होतं. मागच्या ब्रेकच्या स्विचचा कपलर काढला: १३.६ तसेच. पुढच्या स्विचचाही काढला: तसेच. दोन्ही स्विच सर्किटच्या बाहेर आणि तरी वायर जिवंत. मग हे व्होल्टेज येतं कुठून? मागच्या भागात इंजिन चालू असताना कायम जिवंत असलेली दुसरी वायर एकच, टेल लॅम्पची. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींना हेडलाइट सतत चालू ठेवणं बंधनकारक झालं. या गाडीतही हेडलाइटबरोबर टेल लॅम्प दिवसाढवळ्या चालू असतो.

एक संशय टेल लॅम्पच्या अर्थिंगवर होता. दोन फिलामेंटच्या बल्बचं अर्थिंग सुटलं की टेलचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो, आणि क्रूझ सुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. होल्डरचं अर्थिंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजलं: ०.०३ व्होल्ट. अर्थिंग उत्तम. शिवाय असं उलटं आलेलं व्होल्टेज भरगच्च नसतं, लाइट मंद लागतो. इथे तो पूर्ण तेजाने लागला होता. म्हणजे दोन पॉझिटिव्ह वायरी कुठेतरी सरळ एकमेकींना भिडत होत्या.

टॉप बॉक्सवर एक जादा एलईडी ब्रेकलाइट होता, मागच्या मालकाने अॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलेला. त्याची केबल सीटखाली, टेलच्या कपलरशेजारी जोडलेली होती. ती तिथूनच वेगळी केली. काकू टेकल्या: ०.०. काकू हलल्या, पुढे झाल्या, पुन्हा टेकल्या: ०.०.

सीटखाली

सीट काढली. सीटच्या तळाला मागच्या बाजूला दोन रबरी ठोकळे असतात, ते फ्रेमच्या नळीवर टेकतात आणि बसणाऱ्याचा भार तिथून खाली जातो. टॉप बॉक्सची केबल बरोबर डाव्या ठोकळ्याखालून नेलेली होती. जवळचा रस्ता म्हणून कोणीतरी सरळ आडवी टाकली असणार.

तेवढ्या बोटभर जागेत केबलची काळी स्लीव्ह चपटी होऊन काचेसारखी चकाकत होती. बाकी सगळीकडे धूळ, आणि इथे आरसा. ब्लेडने ती उभी चिरली. आत तीन वायरी: काळी अर्थिंगची, तपकिरी टेलची, पिवळी ब्रेकची. तपकिरी आणि पिवळी एकमेकींत रुतल्या होत्या, दोन मेणबत्त्या उन्हात चिकटाव्यात तशा. नखाने त्या सोडवल्या तेव्हा पिवळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढी फट दिसली, आतून तांब्याचे तीन-चार केस. तपकिरीवर अगदी समोरासमोर तशीच फट, आणि तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा काळा, जळका ठिपका. ती दोघींची भेटण्याची जागा.

मी तो तुकडा काकूंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

फ्यूज का उडाला नाही, हा काकाजींचा प्रश्न योग्य होता. वायर बॉडीला लागली असती तर उडाला असता. इथे एका पॉझिटिव्हने दुसऱ्या पॉझिटिव्हला हात दिला. जादा करंट गेला तो फक्त ब्रेकलाइट लागण्यापुरता, आणि टेलच्या फ्यूजला तेवढा सहज झेपतो. असा दोष धूर काढत नाही, वास देत नाही, गाडी बंद पाडत नाही. काकाजींच्या सांगण्यानुसार हिवाळ्यात हा त्रास नव्हता. तो का नव्हता, यावर माझा अंदाज असा की वायरीचं प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं आणि उष्णतेत जास्त सरकतं. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खालून इंजिनची धग, वरून दोन माणसांचा भार. राहिलेलं पापुद्र्याएवढं आवरण तेव्हा फाटलं असणार.

दुरुस्ती

टेप गुंडाळून हे काम करायचं नसतं. जुनी केबल पूर्ण काढून टाकली. चिमट्यासारखी दाबून बसवायची ती निळी कनेक्टरं काढली, त्यांनी मूळ वायरीवर पाडलेल्या जखमा सोल्डर करून हीट श्रिंक चढवली. नवी केबल फ्रेमच्या आतल्या बाजूने, मूळ वायरींच्या जुडग्यासोबत नेली आणि सीट बसवून, वरून भार देऊन, आरशाने खाली पाहिलं. कुठेही टेकत नाही, याची खात्री केली.

त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे बॉक्सच्या ब्रेकलाइटला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, दिला. आता त्याला वीज वेगळ्या फ्यूजमधून मिळते. गाडीची ब्रेकची वायर फक्त रिलेची कॉइल चालवते, आणि कॉइलवर उलटा डायोड आहे म्हणजे बंद होतानाचा झटका ईसीयूपर्यंत जाणार नाही. उद्या बॉक्सच्या केबलचं काहीही झालं तरी ते ब्रेकच्या इशाऱ्यात मिसळणार नाही. बल्बचा करंट मोजणाऱ्या गाड्यांत ही जोडणी वेगळी करावी लागते, तिथे ही तशीच उचलू नये.

मधल्या काळात काकाजींच्या ओळखीच्या एकाने त्यांना सुचवलं होतं की ब्रेकची वायर ईसीयूला जातेच कशाला, ती कापून टाका, क्रूझ सुटायचं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, हे कधीही करू नका. ती वायर कापली की तुम्ही ब्रेक दाबाल आणि गाडी वेग टिकवायला रेस उघडत राहील. मी दोन्ही स्विचचे कपलर काढले ते गाडी स्टँडवर उभी असताना, आणि चाक जमिनीला लागायच्या आधी परत बसवले.

ज्यांचं क्रूझ सुटत नाही तर मुळात लागतच नाही, त्यांचा शोध वेगळा. तिथे आधी क्लचचा स्विच, ब्रेकलाइटचा फ्यूज आणि बल्ब बघावा. काही गाड्यांत कंट्रोलर ब्रेकच्या बल्बच्या फिलामेंटमधून सर्किट तपासतो. साधा बल्ब काढून एलईडी टाकला की त्याला वाटतं बल्ब गेला, आणि तो क्रूझ लावूच देत नाही.

दोघांसह चाचणी

या वेळी चाचणीला मी एकटा गेलो नाही. काकाजी चालवायला, काकू मागे, दोन्ही पेट्या भरलेल्या, एलईडी अजून टाकीवर चिकटलेला. मी मागे माझ्या गाडीवर. सकाळी सहाला कामठी रोडने निघालो, कन्हानचा पूल ओलांडला, मनसरला तर्री-पोहे खाल्ले आणि पुढे पेंचच्या जंगलातून खवासापर्यंत. त्या टप्प्यात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता कितीतरी ठिकाणी उंच पुलांवरून नेलाय. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडीला बारीक ठोका बसतो, आणि पूर्वी क्रूझ तिथेच सुटायचं. मी मागून त्यांच्या लाल दिव्याकडे डोळे लावून होतो. एका ठोक्यालाही तो उजळला नाही.

खवासाला वळलो. परतीला सुटण्याच्या सगळ्या वाटा मोकळ्या रस्त्यावर एकेक करून तपासल्या. पुढचा ब्रेक हलकासा, सुटलं. मागचा, सुटलं. क्लच, सुटलं. बंद मूठ पुढे ढकलली, सुटलं. प्रत्येक वेळी रिझ्यूम दाबताच लागलं. ब्रेकच्या दोन्ही वेळा मागे दोन्ही लाइट लागले, बॉक्सचाही आणि गाडीचाही. दुरुस्तीनंतर क्रूझ टिकतं का एवढंच बघून चालत नाही. सुटायला हवं तेव्हा सुटतं का, हे आधी बघावं लागतं.

एलईडी मी काढणार होतो. काकू म्हणाल्या, "राहू द्या एखादी ट्रिप. यांना नाही दिसला तरी मला यांच्या खांद्यावरून दिसते."

बिलात पहिल्या खेपेची मजुरी वळती करून घेतली. काम पूर्ण न होता घेतलेली होती ती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं जबलपूरला गेले, भेडाघाट पाहिला. तिसऱ्या दिवशी रात्री काकूंचा फोन आला. मनगट दुखलं नाही हे आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "जाता-येता दोन्ही वेळ मी टेकूनच बसली. लाल लाइट एकदाच लागला न विचारता. लखनादोनच्या पुढे गाय आडवी आली, यांनी ब्रेक मारला, तेव्हा. क्रूझ बी तेव्हाच सुटलं."